वाळवंटातील चिंध्या आणि 'गुजरातचे कापड' : कुसैर अल्-कदीमच्या पुराव्याचे पुनर्वाचन

तेराव्या-चौदाव्या शतकात गुजरातमध्ये छापले गेलेले सुती कापड पाहावयाचे असेल, तर ते गुजरातमध्ये शोधून फारसा उपयोग होत नाही. येथील पाऊस, दमट हवा, वाळवी, आणि जुने लुगडे-धोतर झिजेपर्यंत वापरून शेवटी त्याचे पोतेरे करण्याची घरोघरची रीत, यांमुळे त्या काळातील कापड येथे जवळजवळ उरलेच नाही. ते उरले इजिप्तमध्ये. तेथील कोरड्या वाळूत आणि उकिरड्यांच्या ढिगाऱ्यांत भारतीय छापील सुती कापडाचे शेकडो तुकडे टिकले. आपल्या भागातील एका मोठ्या उद्योगाचा प्रत्यक्ष पुरावा अशा रीतीने परक्या भूमीत, आणि तोही चिंध्यांच्या रूपात, शिल्लक आहे.

या चिंध्यांवर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ लेखन झाले. त्यातील निष्कर्ष आता महाविद्यालयीन टिपणांत, प्रदर्शनांच्या पुस्तिकांत आणि भाषणांत सहज वावरतात. मूळ संशोधकांनी सावधपणे मांडलेली विधाने मात्र या प्रवासात ठाम होत गेली आहेत. प्रस्तुत लेखात या विषयावरील दोन महत्त्वाच्या ग्रंथांच्या आधारे ही विधाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला ग्रंथ म्हणजे जिलियन ईस्टवूड यांनी कुसैर अल्-कदीम येथील उत्खननात मिळालेल्या, रंगरोधक पद्धतीने रंगविलेल्या कापडांवर लिहिलेली आणि १९९० मध्ये पॅरिस येथून प्रसिद्ध झालेली सूची. दुसरा ग्रंथ म्हणजे रूथ बार्न्स यांनी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील न्यूबेरी संग्रहाची केलेली, १९९७ मध्ये दोन खंडांत निघालेली सूची. जोडीला ली गुओ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुसैरच्या अरबी कागदपत्रांचाही आधार घेतला आहे.

पाटीवरील तीन शब्द

संग्रहालयांत अशा तुकड्याखाली साधारणपणे एक छोटी पाटी असते. तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : 'फुस्तात', 'चौदावे शतक', 'गुजरात'. म्हणजे कोठे मिळाले, केव्हाचे आहे आणि कोठे तयार झाले. वाचणाऱ्याला ही तीनही विधाने सारख्याच वजनाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागील पुरावा एका जातीचा नाही. म्हणून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.

'फुस्तात' हा पहिला शब्द घेऊ. फुस्तात हे इजिप्तमधील पहिले इस्लामी शहर, इ.स. ६४१च्या सुमारास वसलेले. पुढे त्याच्या उत्तरेला कैरो उभे राहिले. ११६८ मध्ये फुस्तातचा मोठा भाग आगीत उद्ध्वस्त झाल्याचे इतिहासकार सांगतात. त्यानंतर त्याच्या ओसाड भागांत कैरोचा कचरा पडत राहिला आणि त्या ढिगाऱ्यांतच कापडाच्या चिंध्या साठल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकरी या ढिगाऱ्यांची माती खत म्हणून खणून नेत. खणताना निघालेल्या वस्तू व्यापाऱ्यांच्या हाती जात आणि व्यापारी त्या कैरोत येणाऱ्या युरोपीय ग्राहकांना विकत. इजिप्तचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी यांनी आपला संग्रह अशाच खरेदीतून जमविला आणि १९४६ मध्ये तो ॲशमोलियनला दिला. त्यात भारतीय छापील कापडाचे बाराशेहून अधिक तुकडे आहेत.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यूबेरी संग्रहातील तुकडा फुस्तातचा असेल, किंवा वरच्या इजिप्तमधील एखाद्या कबरीतून आलेला असेल. व्यापारी जे सांगेल त्यापलीकडे पुरावा नाही. बार्न्स यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'फुस्तात' न घालता 'इजिप्तमधील' असा शब्द योजला आहे आणि हा संयम त्यांच्या एकूण पद्धतीशी सुसंगत आहे. त्यांच्या ग्रंथावर विसंबून लिहिणारे मात्र पुन्हा 'फुस्तातची कापडे' असाच उल्लेख करतात. सोयीचे नाव म्हणून तो चालेल. पण या कापडांवरून फुस्तातच्या बाजारपेठेविषयी, तेथील राहणीविषयी अनुमाने काढली जातात, तेव्हा ती अनुमाने हवेत उभी असतात.

काळ कसा ठरला?

दुसरा शब्द काळाचा. १९३८ मध्ये आर. फिस्टर या फ्रेंच अभ्यासकाने या कापडांचा भारताशी संबंध जोडणारा पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. मंजिष्ठ, नीळ आणि रंगबंधक यांचे त्यांनी केलेले रासायनिक परीक्षण आजही मोलाचे आहे. कालनिर्णयासाठी मात्र त्यांना नक्षीवर अवलंबून राहावे लागले. पश्चिम भारतातील जैन पोथ्यांची चित्रे, गुजरातच्या मशिदी आणि मंदिरांतील दगडी कोरीवकाम यांच्याशी कापडावरील वेलबुट्टी जुळवून त्यांनी काळ सुचविला. त्या वेळी याहून चांगले साधन उपलब्ध नव्हते.

या पद्धतीची मर्यादा कोणत्याही रंगाऱ्याला समजेल. लाकडी ठसा झिजला की त्यावरून दुसरा कोरला जातो. आजोबांच्या ठशाची बुट्टी नातवाच्या ठशात उतरते. दगडातील नक्षी एका विशिष्ट वर्षी कोरली जाते आणि तिच्यावर पुष्कळदा तारखेचा शिलालेखही असतो. कापडावरील नक्षी मात्र दोनशे वर्षे चालू शकते. तेव्हा दगडाच्या तारखेवरून कापडाची तारीख ठरविणे धोक्याचे आहे. बार्न्स यांनी निवडक तुकड्यांचे रेडिओकार्बन कालमापन करून घेतले, तेव्हा हे सिद्धच झाले. काही तुकडे अपेक्षेपेक्षा बरेच जुने, दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे जाणारे निघाले. छापील कापडाचा हा व्यापार फातिमी काळातच रुळला होता, ही नवी माहिती त्यातून मिळाली. त्यामुळे 'चौदावे शतक' हा शब्द पाटीवर दिसला, की तो प्रयोगशाळेतून आला आहे की नक्षीच्या साम्यावरून, हे विचारणे आवश्यक ठरते. संग्रहातील बहुसंख्य तुकड्यांची प्रत्यक्ष तपासणी झालेली नाही. त्यांचा काळ तपासलेल्या तुकड्यांशी असलेल्या साम्यावरूनच ठरतो.

'गुजरात' म्हणजे नेमके काय?

तिसरा शब्द आपल्या जिव्हाळ्याचा आहे. हे कापड भारतीय आहे, याचा पुरावा भक्कम आहे. तो तीन गोष्टींवर उभा आहे : सुताचा पीळ, कापसाचा धागा आणि रंगविण्याची पद्धत.

सूत कातताना तंतूंना पीळ दोन दिशांनी देता येतो. एका दिशेने दिलेला पीळ रोमन अक्षर 'झेड'च्या मधल्या रेघेसारखा कलतो, दुसऱ्या दिशेचा 'एस'सारखा. इजिप्तमध्ये जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, सूत हजारो वर्षे एस पिळाने कातले गेले आणि तेथील स्थानिक कापसाचे सूतही त्याच वळणाने. भारतीय सुती धागा मात्र सर्वसाधारणपणे झेड पिळाचा असतो. अर्थात केवळ पीळ पुरेसा नाही. येमेन, इराक आणि इराण येथेही झेड पिळाचे सुती कापड होत असे. म्हणून रंगपद्धत महत्त्वाची. कापडावर फिटकरीचा ठसा मारून ते मंजिष्ठाच्या काढ्यात उकळणे, लोखंडाच्या पाण्याने काळा रंग आणणे, आणि जेथे रंग चढू नये तेथे लेप देऊन कापड निळीच्या कुंडात बुडविणे, ही क्रिया मध्ययुगात भारतातील रंगाऱ्यांइतक्या सफाईने इतरत्र होत नव्हती. पीळ, धागा आणि रंग ही तीनही लक्षणे एकत्र आली की भारताकडे बोट जाते.

भारतातून गुजरातकडे येताना मात्र पुरावा एक पायरी खाली उतरतो. गुजरातच्या बाजूने तीन गोष्टी आहेत : पश्चिम भारतीय चित्रांशी आणि शिल्पांशी असलेले साम्य, खंबायत व भरूच या बंदरांचा तांबड्या समुद्राशी असलेला व्यापार, आणि कच्छ-सौराष्ट्रात आजही चालू असलेली ठशांची परंपरा. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिणाऱ्या टोमे पिरेश या पोर्तुगीज लेखकाने खंबायतचा व्यापार एका बाजूस एडन आणि दुसऱ्या बाजूस मलाक्का यांवर उभा असल्याचे वर्णन केले आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या भारतीय कापडांतही इजिप्तमध्ये सापडणाऱ्या नक्षी दिसतात. एकाच प्रदेशातून दोन्ही दिशांना माल जात होता, या मताला त्यामुळे बळ मिळते.

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्या बंदरातून माल निघाला, त्या बंदराचे नाव मालाला चिकटते. कापूस, सूत, कोरे कापड, छपाई आणि बंदर या पाच पायऱ्या एकाच प्रदेशातील असतीलच असे नाही. येथे मराठी वाचकाला एक जुने उदाहरण आठवावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर येथून भरूचला गाड्यांवरून माल येत असल्याचे सांगितले आहे. तेरहून येणाऱ्या मालात साधे सुती कापड भरपूर असे. हे तेर आजच्या धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात आहे. तेरचे हे कापड भरूचला जहाजावर चढले की परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने ते भरूचचेच झाले. खानदेश आणि दख्खनचे कापड मध्ययुगातही किनाऱ्यावर येत होते, तेव्हा 'गुजरात' हा शब्द छपाईचा आणि निर्यातीचा प्रदेश म्हणून घ्यावा. धागा कोणी कातला, कापड कोणी विणले, याचे उत्तर त्या एका शब्दात शोधू नये.

कुसैर अल्-कदीमचे महत्त्व

आता या तीन प्रश्नांपैकी दोहोंना अधिक नेमके उत्तर देणाऱ्या स्थळाकडे वळू. इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, आजच्या कुसैर गावाच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर कुसैर अल्-कदीम, म्हणजे जुने कुसैर, हे ओसाड बंदर आहे. तेथून वादी हम्मामात या कोरड्या दरीतून जाणारा वाळवंटी मार्ग सुमारे पावणेदोनशे किलोमीटर कापून नाईलकाठच्या किफ्त आणि कूस या गावांना मिळतो. शिकागो विद्यापीठाने डोनाल्ड व्हिटकम आणि जॅनेट जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली १९७८ ते १९८२ या काळात येथे तीन हंगाम उत्खनन केले. नंतर १९९९ ते २००३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड पीकॉक आणि लूसी ब्लू यांनी ते काम पुढे नेले. रोमन काळातील प्रसिद्ध 'मायोस होर्मोस' बंदर हेच, ही ओळखही या संशोधनाने पक्की झाली. पेरिप्लसमधील जहाजे ज्या बंदरातून भरूचकडे निघत, त्यांपैकी हे एक. तेथील रोमन थरांत भारतीय बनावटीच्या सुती शिडाचे तुकडेही मिळाले आहेत.

इस्लामी काळात, मुख्यतः अय्यूबी आणि मामलूक राजवटींत, म्हणजे साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात, हे बंदर पुन्हा नांदते झाले. त्या थरांत ईस्टवूड यांनी अभ्यासलेली निळी आणि तांबडी छापील कापडे मिळाली. हे तुकडे न्यूबेरी संग्रहातील तुकड्यांपेक्षा संख्येने थोडे आणि दिसायला अधिक मळके आहेत. पुरावा म्हणून मात्र त्यांचे वजन मोठे आहे, कारण प्रत्येक तुकडा कोणत्या खोलीत, कोणत्या थरात, कोणत्या भांड्या-नाण्यांसोबत मिळाला, याची नोंद आहे. न्यूबेरी संग्रहातील एखाद्या तुकड्याची नक्षी कुसैरच्या तुकड्याशी जुळली, की त्या अनाथ तुकड्यालाही आधार मिळतो. बार्न्स यांनी कुसैरच्या कापडांचा तुलनेसाठी उपयोग केला, तो याच कारणाने. दोन्ही ग्रंथ म्हणूनच एकत्र वाचावे लागतात. विपुलता बार्न्स यांच्याकडे आहे, निश्चिती ईस्टवूड यांच्याकडे.

हे कापड कोण वापरत होते, या प्रश्नावर कुसैर जे सांगते ते अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडील लोकप्रिय लेखनात निर्यात होणारे कापड म्हणजे राजदरबाराचे, सुलतानांच्या पोशाखाचे कापड, असे चित्र रंगविले जाते. पुरावा तसे सांगत नाही. कुसैर हे वाळवंटाच्या काठावरील कामकरी बंदर होते. येथे हमाल, उंटवाले, नावाडी, छोटे व्यापारी आणि हजला जाणारे-येणारे लोक राहत. तेथे मिळालेले छापील कापड जाड्याभरड्या सुताचे आहे. ते शिवलेले, फाटलेले, पुन्हा जोडलेले आहे. न्यूबेरी संग्रहातील तुकड्यांवरही शिवणी आणि दुरुस्तीच्या खुणा बार्न्स यांनी काटेकोरपणे नोंदविल्या आहेत. समुद्र ओलांडून आलेले हे कापड सामान्य माणूस अंगात घालत होता आणि फाटले की ठिगळ लावून पुन्हा घालत होता. व्यापाराच्या इतिहासात ही गोष्ट दरबारी पोशाखापेक्षा मोठी आहे. सामान्यांना परवडेल असे कापड इतक्या दूर पाठवायचे, तर ते मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात तयार व्हावे लागते. त्यामागे ठशांचे कारागीर, रंगारी, धोबी, सूत कातणाऱ्या स्त्रिया अशी मोठी साखळी उभी असली पाहिजे.

कागदपत्रे काय सांगतात?

कुसैरच्या उत्खननात 'शेखचे घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत कागदांचे अनेक तुकडे मिळाले. ली गुओ यांनी ते वाचले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही पत्रे आणि मालाच्या चिठ्ठ्या अबू मुफर्रिज नावाच्या व्यापाऱ्याच्या आणि त्याच्या मुलाच्या व्यवहारातील आहेत. भारताच्या व्यापाराचे भव्य चित्र मनात धरून ही कागदपत्रे उघडणाऱ्याची निराशा होईल. त्यांत वारंवार येतात ते गहू, पीठ आणि रोजच्या गरजेचा माल. नाईलच्या खोऱ्यातील धान्य येथून हिजाझकडे, मक्का-मदिनेकडे जात असे.

याचे कारण त्या काळच्या परिस्थितीत आहे. क्रूसेडरांच्या राज्यांमुळे सिनाईमार्गे हजला जाणे दीर्घकाळ धोक्याचे झाले होते. इजिप्त आणि मगरिबचे यात्रेकरू नाईलमधून कूसपर्यंत जात, वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर येत आणि जहाजाने जिद्द्याला उतरत. अंदालुसियाचा प्रवासी इब्न जुबैर हिजरी ५७९ (इ.स. ११८३) मध्ये कूसहून ऐजाब बंदराकडे याच प्रकारे गेला. वाटेत भारतीय मालाचे, विशेषतः मिऱ्यांचे, तांडेच्या तांडे पाहून तो थक्क झाला. वाटेवर टाकून ठेवलेल्या ओझ्यांना राखणदाराचीही गरज भासत नसे, असे त्याने नोंदविले आहे. भारतीय व्यापाराचा मुख्य ओघ ऐजाबकडून जात होता आणि कुसैर हे त्याच्या उत्तरेचे तुलनेने लहान बंदर होते.

म्हणून कुसैरच्या छापील कापडाकडे पाहताना 'गुजरातचे जहाज थेट कुसैरला लागले' असे चित्र काढता येत नाही. भारतीय माल बहुधा एडनला उतरे. तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनच्या रसूली राजवटीत लिहिल्या गेलेल्या जकातीच्या नोंदींत भारतीय कापडांचे अनेक प्रकार आढळतात. एडनहून लहान जहाजे उत्तरेला जात आणि जिद्दा, ऐजाब, कुसैर अशा टप्प्यांनी माल हातोहात पुढे सरके. एका चिंधीमागे एकच व्यापारी नसतो, अनेक हात असतात. कापड आणि कागद एकाच स्थळी मिळाल्याने ही गुंतागुंत दिसू शकते, आणि शिकविण्याच्या दृष्टीने कुसैरचे हे मोठे वैशिष्ट्य आहे.

सुरतेचा दावा

आपल्या शहरातील भाषणांत आणि स्मरणिकांत 'सुरतेचे कापड हजार वर्षांपूर्वी इजिप्तला जात होते' असे वाक्य अधूनमधून आढळते. वर मांडलेल्या पुराव्याच्या कसोटीवर ते टिकत नाही. सुरतेचा उत्कर्ष पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि मुख्यतः सोळाव्या शतकात झाला. मलिक गोपीचा काळ, १५३० मधील पोर्तुगीजांची जाळपोळ, त्यानंतर खुदावंद खानाने बांधलेला किल्ला, १५७३ मध्ये अकबराने घेतलेला ताबा, १६४४ ची मुघल सराई, हा सर्व इतिहास कुसैर अल्-कदीमच्या बहराच्या काळानंतरचा आहे. त्याआधी तापीच्या मुखाशी महत्त्व होते ते पलीकडच्या काठावरील रांदेरला. दुआर्ते बार्बोसा याने १५१६च्या सुमारास रांदेरच्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपन्नतेचे वर्णन केले आहे. त्यांचा व्यापार मात्र पूर्वेकडे, मलाक्का आणि पेगूच्या बाजूस अधिक झुकलेला दिसतो. कुसैरच्या कापडाचे बंदर शोधायचे तर खंबायत आणि भरूचकडे पाहिले पाहिजे.

सुरतेचा खरा मान यामुळे कमी होत नाही. हज यात्रेकरूंचे बंदर आणि सतराव्या शतकातील जगातील एक मोठी कापडपेठ हा तिचा इतिहास पुरेशा कागदपत्रांनी सिद्ध आहे. त्याला उसन्या शतकांची गरज नाही. आजचा सुरतेचा कृत्रिम धाग्याचा उद्योगही त्या छापील सुती कापडाचा थेट वारस नाही. तो विसाव्या शतकात वेगळ्या भांडवलावर, वेगळ्या यंत्रांवर उभा राहिला.

अजरख आणि नक्षीचा धर्म

आणखी दोन प्रचलित समजुतींची येथे दखल घेतली पाहिजे. कच्छच्या धमडका आणि अजरखपूर येथील खत्री कारागिरांची अजरख छपाई आणि इजिप्तमधील तुकडे शेजारी ठेवले की साम्य डोळ्यांत भरते. चुना-डिंकाचा लेप, फिटकरी, गुळाच्या पाण्यात कुजविलेले लोखंड, मंजिष्ठ आणि नीळ ही सामग्रीही ओळखीची आहे. खत्री कारागिरांमुळे अभ्यासकांना जुन्या तुकड्यांवरील क्रिया उलगडण्यास खरोखर मदत झाली. इस्माईल मोहम्मद खत्री यांना लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती या ज्ञानाची योग्य कदर होती. परंतु पद्धत टिकली म्हणून तीच घराणी, त्याच गावी, आठशे वर्षे हे काम करीत होती, असे सिद्ध होत नाही. खत्रींची स्वतःची परंपराही आपले पूर्वज सिंधमधून कच्छमध्ये आल्याचे सांगते. ज्ञानाचे सातत्य आणि वंशाचे सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी समजूत नक्षीच्या धर्माची. कोणी हंसांची ओळ पाहून कापडाला जैन ठरवितो, तर कोणी भौमितिक जाळी पाहून इस्लामी ठरवितो. वस्तुतः हंसाची ओळ असलेले कापड मुस्लिमबहुल इजिप्तमध्ये खपत होते. दुसरीकडे, काही तुकड्यांवर अरबी लिपीचा भास निर्माण करणारी पण वाचता न येणारी अक्षरे छापलेली आहेत. ती कोरणाऱ्याला अरबी येत नव्हती, पण ग्राहकाला काय आवडते हे त्याला ठाऊक होते. ठसा कोरणारा, रंगारी, व्यापारी, नावाडी आणि वापरणारा यांचे धर्म निरनिराळे असू शकत होते आणि कापड त्या सर्वांच्या हातांतून गेले. या कापडाला एकाच समाजाची मालकी चिकटविणारे लेखन, ते कोणत्याही बाजूचे असो, पुराव्याच्या पुढे धावते. आपल्या वर्गांत निरनिराळ्या समाजांतील मुले शेजारी बसतात. त्यांना हे उदाहरण समजावून देण्यासारखे आहे.

ग्रंथांचे मूल्यमापन आणि अध्यापनातील उपयोग

बार्न्स यांच्या ग्रंथाचे सर्वांत मोठे श्रेय असे, की त्यांनी देखणे तुकडे निवडून बाकीचे बाजूस टाकले नाहीत. विटलेले, हाताएवढे, कडा कुरतडलेले तुकडेही त्यांनी माप, पीळ, सुतांची संख्या, रंग आणि शिवण यांसह नोंदविले. त्यामुळे पुढील अभ्यासकाला त्यांच्याशी मतभेद व्यक्त करण्याचीही सोय झाली. ईस्टवूड यांची सूची आकाराने लहान आणि अधिक तांत्रिक आहे. उत्खननातील इतर वस्तूंशी कापडाचा संबंध ती आणखी विस्ताराने दाखविती, तर इतिहासाच्या अध्यापकाला तिचा अधिक उपयोग झाला असता. दोन्ही ग्रंथ मुख्यतः इजिप्तमधील टोकावरून पाहतात, हे साहजिक आहे. भारतातील टोकाचा अभ्यास, म्हणजे जुन्या रंगशाळा, धुण्याच्या जागा, निळीचे कुंड आणि ठशांचे कारागीर यांचा पुरातत्त्वीय शोध, तुलनेने फारच थोडा झाला आहे. ही उणीव लंडन किंवा पॅरिसहून भरून निघणार नाही. ती येथील महाविद्यालयांनीच भरून काढावयाची आहे.

त्यासाठी आपल्याजवळ एक साधन आहे. सुरतेतील मराठी, उर्दू आणि गुजराती माध्यमांतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरातील माणसे पांडेसरा, सचिन, उधना येथील रंगाई-छपाईच्या आणि ट्विस्टिंगच्या कारखान्यांत काम करतात. खानदेशातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या तर लक्षणीय आहे. ट्विस्टिंगच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला एस आणि झेड पीळ समजावून सांगावा लागत नाही. तो त्याचा रोजचा शब्द आहे. पुरातत्त्वज्ञ ज्या लक्षणावरून वाळवंटातील चिंधी भारतीय ठरवितात, ते लक्षण या घरांतील मुलाने ऐकलेले असते.

म्हणून अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. ॲशमोलियन संग्रहालयाने न्यूबेरी संग्रहातील कापडांची चित्रे इंटरनेटवर उपलब्ध केली आहेत. त्यांपैकी एक चित्र वर्गात दाखवावे. सोबत साधे भिंग आणि खादीचा एक तुकडा द्यावा. सुते मोजावयास आणि पीळ ओळखावयास सांगावे. त्यानंतर पाटीवरील तीन शब्द फळ्यावर लिहून प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारावा : हे कशावरून? 'फुस्तात' कशावरून, 'चौदावे शतक' कशावरून, 'गुजरात' कशावरून? एका तासात विद्यार्थ्यांना तीन वेगळ्या जातींचे पुरावे हाताळावयास मिळतील. घरच्या कामगाराकडे असलेले ज्ञान हेही इतिहासाचे साधन असते, याची जाणीवही त्यांना त्याच तासात होईल.